१८६६ चा नागरी हक्क कायदा आणि १८७५ चा: एक टिकला, एक पडला

अमेरिकेचा नागरी हक्क कायदा म्हटलं की १९६४ आठवतो. पण त्याच नावाचे दोन कायदे एकोणिसाव्या शतकातच होऊन गेले होते. दोन्ही यादवी युद्धानंतरचे, दोन्ही रिपब्लिकन पक्षाचे, त्यामुळे दुसरा म्हणजे पहिल्याचीच सुधारित आवृत्ती असा समज होतो. प्रत्यक्षात दोघांचे विषय वेगळे आहेत आणि घटनेतला आधारही वेगळा आहे.

गुलामगिरी संपली तशी दक्षिणेतल्या राज्यांनी ‘ब्लॅक कोड’, म्हणजे कृष्णवर्णीयांवर बंधनं घालणारे कायदे, आणले. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांना शहराबाहेर शेतजमीन भाड्यानेही घेता येईना. इलिनॉयचे सिनेटर लायमन ट्रम्बुल यांचा १८६६ चा कायदा यावर उतारा होता. अमेरिकेत जन्मलेले नागरिक ठरले (कर न भरणारे मूळनिवासी मात्र वगळले) आणि करार करणं, दावा लावणं, साक्ष देणं, मालमत्ता घेणं-विकणं हे गोऱ्यांइतकंच सर्वांना खुलं झालं. मतदानाबद्दल त्यात काहीच नव्हतं. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरला. ९ एप्रिल १८६६ रोजी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दोन तृतीयांश मतांनी तो मोडून काढला.

१८७५ चा कायदा सिनेटर चार्ल्स समनर यांचा. तो मंजूर झाला तेव्हा ते हयात नव्हते. खाणावळी, रेल्वे, नाट्यगृहं इथे वर्णावरून कुणाला अडवायचं नाही, ज्युरीतून वगळायचं नाही, असा त्याचा रोख. शाळांनाही हाच नियम लावणारं कलम वाटेतच गळालं. वाचायला हा कायदा जास्त धाडसी वाटतो, आणि आहेही.

पण १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी त्यातली सार्वजनिक जागांची कलमं रद्द केली. न्यायमूर्ती ब्रॅडली यांचं म्हणणं असं: सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खासगी खाणावळवाल्याला नाही, आणि खाणावळीत प्रवेश नाकारणं म्हणजे गुलामगिरी नव्हे, तेव्हा गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्तीही उपयोगाची नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती हार्लन, तेही एकेकाळी गुलाम बाळगणाऱ्या घरातले. ज्युरीचं कलम तेवढं वाचलं.

१८६६ चा कायदा उभा होता तो तेराव्या दुरुस्तीवर. ती दुरुस्ती फक्त सरकारांपुरती नाही, खासगी माणसालाही लागू होते. त्यामुळे तो कोरडा, करार-मालमत्तेचा कायदा वापराविना पडून राहिला तरी मेला नाही. मिझुरीतल्या एका बिल्डरने कृष्णवर्णीय ग्राहकाला घर नाकारलं, तेव्हा १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०२ वर्षं जुना हाच कायदा लावला. त्यातली करार आणि मालमत्तेची कलमं आजही अमेरिकी न्यायालयांत चालतात.

१८७५ च्या वाट्याला तसं पुनरुज्जीवन आलं नाही. १९६४ मध्ये हॉटेलं आणि थिएटरांसाठी नव्याने कायदा करताना काँग्रेसने मुख्य भिस्त ठेवली ती राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन करण्याच्या आपल्या अधिकारावर, कारण १८८३ चा निकाल अजून कायम होता.