‘ओरिजिनल’ केबल वेगळी, प्रमाणित केबल वेगळी

फोनच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात एक वाक्य हमखास असतं: सोबत दिलेलीच केबल वापरा. दुकानात आपण तेच आपल्या भाषेत म्हणतो, ‘दादा, ओरिजिनल द्या, लोकल नको.’ यात दोन गोष्टींची गल्लत होते. एक, फोन बनवणाऱ्या कंपनीची केबल. दुसरी, ठरलेल्या मानकाप्रमाणे बनवून तपासलेली केबल, मग ती कुणाचीही असो.

गेल्या वर्षी आईचा फोन चार्ज व्हायला चार-पाच तास लागू लागले. बॅटरी गेली असं समजून ती नवा फोन घ्यायला निघाली होती. पाहिलं तर तिने भावाच्या फोनचा चार्जर आणि त्याची जाडजूड केबल लावली होती. केबल अस्सल कंपनीचीच होती. फक्त ती कंपनी तिच्या फोनची नव्हती, आणि चार्जिंगची पद्धतही तिच्या फोनला कळणारी नव्हती.

ही पद्धत म्हणजे ओप्पोने 2014 मध्ये आणलेली व्हूक आणि तिची भावंडं. फास्ट चार्जिंगसाठी बाकीचे चार्जर व्होल्टेज वाढवत होते, तर व्हूकने व्होल्टेज 5 च्या आसपासच ठेवून करंट 4 अँपिअरच्या पुढे नेला. इथे तांब्याचा हिशोब आडवा येतो. साध्या केबलमध्ये अनेकदा 28 गेजची बारीक तार असते. एक मीटर लांबीच्या अशा केबलमध्ये जाऊन-येऊन साधारण 0.43 ओहमचा रोध होतो. तीतून 4 अँपिअर सोडले तर 1.7 व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि फोनपाशी 3.3 उरतात. भरत आलेली बॅटरीच 4 व्होल्टच्या वर असते, मग तिच्यात काय शिरणार? तीच तार 20 गेजची, म्हणजे जाड असली (गेजचा आकडा लहान, तितकी तार जाड) तर घट पाव व्होल्टाच्या आसपास राहते. म्हणून व्हूकची केबल जाड असते. शिवाय चार्जर आणि फोन आपापसांत बोलायला तिच्या पिनमध्ये वेगळी सोय केलेली असते. साधी केबल लावली की चार्जर गुपचूप साध्या वेगावर येतो. अशा फोनच्या बाबतीत ‘आमचीच केबल’ हा आग्रह खरा आहे, आणि तो मानायला हवा.

मानकाची वाट वेगळी आहे. यूएसबी टाइप-सी 2014 मध्ये ठरलं, आणि त्यावर चालणाऱ्या पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत चार्जर 9, 15, 20 असं व्होल्टेज वाढवत नेतो. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या कुठल्याही प्रामाणिक केबलने 3 अँपिअर पेललेच पाहिजेत. म्हणजे 20 व्होल्टला 60 वॅट. त्याहून जास्त, म्हणजे 5 अँपिअर हवे असतील तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची बारीकशी चिप लागते. ‘मी एवढं पेलू शकते’ असं ती सांगते, तेव्हाच 5 अँपिअरची परवानगी मिळते. त्यावर 100 वॅट मिळतात, आणि 2021 च्या सुधारणेनंतर 48 व्होल्टवर 240. यात केबल कुठल्या कंपनीची, हा प्रश्न कुठेच येत नाही.

मग कंपनीची केबल निदान प्रमाणित तरी असेलच ना? तसंही नाही, आणि मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका टोकाला जुनी चौकोनी पिन आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशा केबलमध्ये 56 किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोध देणारा बारीक भाग, असावा लागतो; समोरचा चार्जर किती करंट देऊ शकतो हे फोन त्यावरून ओळखतो. त्याजागी 10 किलोओहमचा घातला, तर केबल फोनला खोटंच सांगते की समोरचा चार्जर 3 अँपिअर देऊ शकतो. फोन तेवढं ओढू लागतो आणि जुना चार्जर किंवा लॅपटॉपचा पोर्ट तापतो. गूगलमधले इंजिनिअर बेन्सन लियुंग यांनी 2015 पासून अशा केबल स्वतः तपासून लोकांना सावध केलं. 2016 मध्ये एका केबलमध्ये तारांची जोडणीच उलटी निघाली आणि त्यांचा स्वतःचा लॅपटॉप निकामी झाला. 2015 मध्ये खुद्द वनप्लसच्या टाइप-सी केबलमध्येही रेझिस्टरची हीच चूक सापडली, आणि कंपनीने पैसे परत देऊ केले. 2016 मध्ये ॲपलनेही मॅकबुकसोबत दिलेल्या काही टाइप-सी केबल सदोष असल्याचं सांगून त्या बदलून दिल्या. केबल ओरिजिनल होत्या, आणि चुकीच्याही होत्या.

‘आमचीच केबल’ या आग्रहाचं दुसरं कारण धंद्याचं. 2012 मध्ये आलेल्या ॲपलच्या लाइटनिंग केबलमध्ये ओळख पटवणारी चिप होती. ॲपलकडून परवाना न घेता बनवलेली केबल लावली की फोन ती प्रमाणित नसल्याचा इशारा दाखवी. तिथे ‘प्रमाणित’ म्हणजे ॲपलची परवानगी असलेली. वाईट केबल थोपवायला तिचा थोडा उपयोग झाला हे मान्य, पण चांगल्या केबलवरही परवानगीचं कुंपण पडलं. 2023 च्या आयफोन 15 पासून तो पोर्ट गेला आणि टाइप-सी आला. नव्या फोनना टाइप-सी पोर्ट सक्तीचा करणारा युरोपीय संघाचा नियम 28 डिसेंबर 2024 पासून लागू होणारच होता.

त्याच मालिकेतल्या आयफोन 15 प्रोचा पोर्ट सेकंदाला 10 गिगाबिट डेटा नेऊ शकतो, पण खोक्यातली केबल 480 मेगाबिटवरच थांबते. व्हिडिओ भराभर उतरवायचे तर कंपनीचीच केबल बाजूला ठेवून दुसरी घ्यावी लागते.

म्हणून दुकानात ‘ओरिजिनल आहे का’ यापेक्षा ‘किती वॅटची, 3 अँपिअर की 5, आणि डेटा किती वेगाने जातो’ हे विचारा. फोनला कंपनीची खास पद्धत असेल, तर चार्जर आणि केबल ही जोडी फोडू नका. आमच्याकडे भावाची केबल आता त्याच्या चार्जरला रबरबँडने बांधलेली असते. आईच्या केबलवर मी ‘आई, 60 वॅट’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. तिचा तोच जुना फोन अजून चालू आहे.