खांडसहून भीमाशंकर : निघण्याआधी परतीचं ठरवा

भीमाशंकरच्या ट्रेकसाठी फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो : "वर पोचल्यावर तिथून गाडी करून खांडसला परत येऊ ना?" येता येतं, पण जेवढ्या वेळात पायी उतरून घरी पोचला असता त्याहून जास्त वेळ रस्त्यात जातो. बुकिंग करण्याआधी एवढं पत्रक वाचा, ही विनंती.

खांडस आणि भीमाशंकर नकाशात शेजारी शेजारी दिसतात, आणि सरळ रेषेत ती आहेतही. पण मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. खांडस कर्जत तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. भीमाशंकर पुणे जिल्ह्यात, घाटमाथ्यावर, हजार मीटरच्या आसपास. दोघांना जोडणारी फक्त पायवाट आहे. गाडीने यायचं तर घोडेगाव, मंचर, चाकण, तळेगाव, लोणावळा, खोपोली, कर्जत, कशेळे असा सगळा वळसा घालून दोनशे किलोमीटरच्या घरात प्रवास होतो. वरून सुटणाऱ्या एसटी पुणे, मंचरच्या बाजूला जातात. खांडसला जाणारी एकही नाही.

होतं काय, मंडळी स्वतःची गाडी घेऊन येतात, ती खांडसला लावतात आणि नऊ-दहाला चढायला लागतात. वर पोचेपर्यंत दुपारचे दोन-तीन वाजतात. शनिवार-रविवारी दर्शनाची रांग असते. रांगेतून बाहेर आल्यावर जीपची चौकशी सुरू होते आणि जीपवाला भाडं सांगतो तेव्हा वळसा लक्षात येतो. मग साडेचारला उतरायला सुरुवात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दाट झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच पायाखालचं दिसेनासं होतं. दगड कुठला पक्का, कुठला सुटा हे कळत नाही, गुडघे भरून आलेले असतात, आणि मग कुणाचा तरी पाय मुरगळतो. आमच्या वाटाड्यांना बॅटऱ्या घेऊन पुन्हा अर्ध्या वाटेपर्यंत चढावं लागतं. ही माणसं आजूबाजूच्या वाड्यांतली आहेत, दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना पुढचा गट न्यायचा असतो.

म्हणून आमचे दोन नियम आहेत आणि ते आम्ही मोडत नाही. खांडसहून सकाळी सहाला निघायचं. आणि ज्यांना पायी परत यायचंय त्यांनी दुपारी दोनला मंदिराजवळून उतरायला लागायचं, रांगेत नंबर कितीही जवळ आलेला असो. दर्शन राहिलं म्हणून लोक नाराज होतात, ते आम्हाला कळतं. ज्योतिर्लिंगाच्या दारापर्यंत चालत येऊन मागे फिरणं सोपं नाही. दर्शन हाच मुख्य हेतू असेल तर आधी सांगा. वर मुक्काम करायचा, पहाटेचं दर्शन घ्यायचं आणि सकाळी आरामात उतरायचं, अशी दोन दिवसांची सोय आम्ही करतो, आणि खरं सांगायचं तर हा ट्रेक तसाच करण्यासारखा आहे. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र या दिवशी मात्र आम्ही गट नेत नाही. ती गर्दी यात्रेची असते.

ज्यांना पुण्याला जायचंय त्यांच्यासाठी तिसरा मार्ग सगळ्यात सोपा : गाडी घरीच ठेवा. लोकलने कर्जत किंवा नेरळला या, तिथून खांडसपर्यंत आमची जीप, आणि वरून एसटीने पुणे. गाडी ड्रायव्हरकरवी वर पाठवून द्या, असंही विचारतात. वळसा पाहता आम्ही ते काम घेत नाही.

शिडी घाटाबद्दल

खांडसच्या पुढे पुलापाशी वाटा फुटतात. उजवीकडे गणेश घाट, डावीकडे शिडी घाट. शिडी घाटाने तीन-चार तासांत माथा येतो, गणेश घाटाने पाच ते सहा. साहजिकच तरुण मंडळी शिडीचा आग्रह धरतात. दुसरे नेतात, तुम्हीच का नाही, असं बोलूनही दाखवतात.

आम्ही शिडी घाटाने नेतो, पण कोरड्या दिवसांत, फक्त चढताना, आणि गट दहाच्या आत असेल तरच. शिड्या लोखंडी आहेत आणि शिडीवर एका वेळी एकच माणूस. शिडी संपते तिथेच खरी अडचण सुरू होते : हात शिडीवरून सोडून कातळाची खाच पकडायची आणि पाठीवरच्या सॅकसकट अरुंद टप्प्यावर वळायचं. एक जण तिथे घाबरून थांबला की मागचे सगळे त्याच अरुंद जागी ताटकळत उभे राहतात. वीस जणांचा गट नेला तर वाचवलेले दोन तास तिथेच संपतात. उतरताना तीच खाच पायाने चाचपडत शोधावी लागते, म्हणून उतरायला गणेश घाटच. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. प्रशासनाने बंदीचा आदेश काढला की आम्ही ट्रेक रद्द करतो आणि पैसे परत देतो.

गणेश घाट लांबचा म्हणून कंटाळवाणा आहे, हा गैरसमज. पदरगडाचे सुळके वाटेत दिसत राहतात. दोन्ही घाट मधल्या पठारावर एकत्र येतात, तिथे टपरीत लिंबू सरबत मिळतं, आणि त्यापुढची चढण अभयारण्यातल्या दाट झाडीतून जाते. १९८५ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं ते मुख्यतः शेकरूसाठी. आपला हा राज्यप्राणी बघायचा असेल तर सकाळी मान वर ठेवून आणि तोंड बंद ठेवून चाला. उंच फांदीवर काटक्या-पानांचं गोल घरटं दिसलं की तिथे थांबा. स्पीकर लावणाऱ्यांना शेकरू दिसत नाही, आणि आमच्या गटात स्पीकर चालत नाही.

मुक्कामाच्या गटांना आम्ही गुप्त भीमाशंकरलाही नेतो. मंदिरापाशी उगम पावलेली भीमा मध्येच लुप्त होते आणि जंगलात या ठिकाणी पुन्हा प्रकटते, अशी श्रद्धा आहे. हीच पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते आणि रायचूरजवळ कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. तुम्ही ज्या उतारावरून चढून आलात तिथला पाऊस मात्र उल्हास नदीतून अरबी समुद्रात जातो. एकाच डोंगराच्या दोन अंगांचं पाणी दोन वेगळ्या समुद्रांना कसं मिळतं, हे आमचे वाटाडे धारेवर उभं करून हाताने दाखवतात. एका दिवसाच्या गटांना एवढा वेळ मिळत नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.

दरात सकाळचा चहा-पोहे, वाटाड्या, आणि खाली उतरल्यावर वाडीतल्या घरी पिठलं-भाकरीचं जेवण धरलेलं आहे. अभयारण्याचं प्रवेश शुल्क आणि एसटीचं तिकीट वेगळं. घासलेल्या तळाचे बूट घालून आलेल्यांना आम्ही खांडसहूनच परत पाठवतो, तेव्हा घरी बूट उलटे करून तळ बघा. माणशी तीन लिटर पाणी हवं.

बुकिंगच्या निरोपात तीन गोष्टी लिहा : किती जण, सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणसाचं वय, आणि परत खांडसला उतरणार, पुण्याला जाणार की वर मुक्काम करणार. तिसऱ्याचं उत्तर आल्यावरच आम्ही तारीख पक्की करतो.