विल्ट चेंबरलेनचा खालून फेकलेला चेंडू

गेल्या रविवारी सकाळी धरमपेठेतल्या बास्केटबॉलच्या मैदानावर एक बारा-तेरा वर्षांची मुलगी फ्री थ्रो (फाऊल झाल्यावर ठरावीक रेषेवरून, कुणी न अडवता मारायचा फेक) मारत होती. दोन्ही हातांत चेंडू धरून, गुडघ्यांच्या मधून झुलवून, खालून वर. कडेची पोरं ओरडली, "बादलीनं पाणी फेकून राहिली का बे!" तिनं लगेच चेंडू डोक्यावर घेतला आणि पुढचे तीनही हुकले. मला अमेरिकेचा बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेन आठवला.

२ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात त्यानं फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून खेळताना एका सामन्यात १०० गुण केले. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, तेवढे आजवर दुसऱ्या कुणाला जमलेले नाहीत. २.१६ मीटर उंचीचा हा माणूस फ्री थ्रोमध्ये मात्र कच्चा होता. कारकिर्दीची सरासरी जेमतेम ५१ टक्के. त्या दिवशी मात्र ३२ पैकी २८ आत गेले. त्या हंगामात तो खालून फेकत होता आणि त्याचं प्रमाण ६१ टक्क्यांवर पोचलं होतं, त्याच्या आयुष्यातलं सर्वोत्तम. पुढे त्यानं ही पद्धत सोडली. १९६७-६८ च्या हंगामात तो ३८ टक्क्यांवर घसरला. आपण बायकी दिसतो असं वाटायचं, हे त्यानं नंतर स्वतःच लिहिलं आणि चूक कबूलही केली. त्याच काळातला दुसरा खेळाडू रिक बॅरी शेवटपर्यंत खालूनच फेकत राहिला. त्याचे एनबीएतले दहापैकी नऊ फ्री थ्रो आत जायचे.

हे कसं होतं? डोक्यावरून मारताना मनगट, कोपर, खांदा असे सगळे सांधे एकाच हाताचे. प्रत्येकाची थोडी थोडी चूक मिळून चेंडू डावी-उजवीकडे सरकतो. खालून फेकताना दोन्ही हात खांद्यापासून झोपाळ्यासारखे सरळ झुलतात, चेंडू मधोमध राहतो.

पण मला खरी भुरळ पडते ती उलट्या फिरकीची. लहानपणी बांगडी जमिनीवर उलटी फिरवून सोडली असेल, तर ती थोडी पुढे जाऊन परत येते हे पाहिलं असेल. चेंडूचंही तेच. उलट्या फिरकीत त्याचा वरचा भाग फेकणाऱ्याकडे आणि खालचा भाग पुढे सरकत असतो. खालचा भाग रिंगला घासला की घर्षण त्याच्या विरुद्ध, म्हणजे मागे ओढतं. पुढे जाण्याचा वेग मरतो आणि चेंडू लांब उसळण्याऐवजी रिंगपाशीच घुटमळतो. रिंगमागच्या बोर्डावर आदळला तर आणखी गंमत: बोर्डाला टेकणारा पृष्ठभाग वर चाललेला असतो, म्हणून घर्षण चेंडूला खाली, जाळीकडे ढकलतं. खालून फेकताना बोटांवरून सुटणाऱ्या चेंडूला ही फिरकी सहज मिळते.

कोनाचं गणित मात्र दोन्ही पद्धतींना सारखंच लागू. रिंगचा व्यास सुमारे ४५.७ सेंटिमीटर, चेंडूचा २४. चेंडू जमिनीशी ४५ अंशांनी उतरला तर त्याला रिंगची वाट सुमारे ३२ सेंटिमीटरच मिळते (४५.७ गुणिले साइन ४५). ३५ अंशांवर ती २६ होते आणि ३२ अंशांखाली रिंगला न घासता आत जाणं अशक्य. खालून फेकल्यानं हा कोन आपोआप वाढत नाही. उलट चेंडू कमी उंचीवरून सुटतो, म्हणून तेवढाच उंच कमान-मार्ग हवा असेल तर जास्त जोर लावावा लागतो.

स्पर्धेआधी मुलांच्या मनगटाला काळा दोरा बांधणारे आणि महागड्या बुटांनी नेम सुधारेल असं समजणारे पालक मी इथंच पाहतो. चेंडू हातातून सुटल्यावर त्याचा मार्ग ठरवतात वेग, कोन, फिरकी, गुरुत्वाकर्षण आणि थोडीशी हवा. यात दोऱ्याला जागा कुठेच नाही. जागा आहे ती रोजच्या सरावाला.

परवा ती मुलगी परत दिसली. तिला एवढंच सांगितलं: चेंडू सुटल्यावर त्याच्यावरच्या काळ्या रेषा वरून खाली, तुझ्या दिशेनं फिरताना दिसतात का, ते बघ. तिनं खालून फेकला आणि मान वर करून रेषांकडे बघत राहिली.