डीबगरच्या डॉक्युमेंटेशनचे एआय एजंटच्या अंगाने मूल्यमापन

प्रोग्राममधली चूक शोधायचे साधन, म्हणजे डीबगर, एखाद्या एआय एजंटला निव्वळ त्याची डॉक्स (डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापराची लेखी माहिती) वाचून नीट चालवता येते का, हे तपासण्याची पद्धत. एजंट इथे भाषिक मॉडेलवर चालणारा असतो: तो स्वतः कमांड देतो, आलेले आउटपुट वाचतो आणि पुढची कमांड ठरवतो. डॉक्स सुबक आहेत का, भाषा सोपी आहे का, हे प्रश्न गौण. ती वाचून चूक सापडली का, एवढेच पाहायचे.

माणसासाठी लिहिताना बरेच काही गृहीत धरले जाते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा डीबगर टर्मिनलसमोर बसलेल्या माणसासाठी होता. आउटपुट लांबले की जीडीबी पानभर मजकूर दाखवून थांबतो आणि रिटर्न दाबायची वाट पाहतो. माणूस सवयीने बटण दाबतो. एजंटला मात्र पुढे काहीच येत नाही. ठरलेली वेळ संपते आणि 'प्रोग्राम अडकला' असे तो लिहून टाकतो. अडकलेला असतो डीबगर. पायथन भाषेच्या पीडीबी या डीबगरचेही तसेच: कोडमध्ये एखादा ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) राहून गेला की अख्खी टेस्ट प्रॉम्प्टपाशी खोळंबते.

जीडीबीत यावर बॅच मोड आहे. त्यात पाने पाडणे बंद होते आणि कमांड संपल्या की डीबगर स्वतःहून बाहेर पडतो. पण त्यातही एक मेख आहे. तपासलेला प्रोग्राम अपयशाचा कोड देऊन संपला, तरी बॅच मोडमधला जीडीबी स्वतः ० हाच एक्झिट कोड (संपताना कळवायचा आकडा; ० म्हणजे सारे ठीक) देतो. प्रोग्रामचा कोड हवा असेल तर 'रिटर्न-चाइल्ड-रिझल्ट' हा ऑप्शन वेगळा द्यावा लागतो. मॅन्युअलमध्ये दोन्ही गोष्टी आहेत. बॅच मोडपुरता उतारा उचलणाऱ्या एजंटच्या हाती दुसरी गोष्ट लागते का, की ० पाहून तो 'चूक दुरुस्त झाली' असे कळवतो, हे पाहणे म्हणजेच मूल्यमापन.

चाचणीसाठी मुद्दाम चूक पेरलेले छोटे प्रोग्राम घेतात. चूक कुठे आहे हे तपासणाऱ्याला ठाऊक असते, एजंटला नसते. तेच काम डॉक्स देऊन आणि न देता, दोन्ही प्रकारे करवून घ्यावे लागते, कारण जीडीबीसारख्या जुन्या साधनाबद्दल मॉडेलने प्रशिक्षणातच पुष्कळ वाचलेले असते. डॉक्स न देताही एजंट पास होत असेल, तर श्रेय डॉक्सचे नाही. नव्या साधनाची किंवा ऑप्शन बदललेल्या आवृत्तीची परीक्षा म्हणूनच जास्त बोलकी ठरते: जुन्या आठवणीतून एजंट नसलेला ऑप्शन वापरतो, आणि डॉक्स त्याला वेळीच अडवतात की नाही ते दिसते. एकच फेरी पुरत नाही. तोच एजंट तेच काम दुसऱ्यांदा वेगळ्या वाटेने करतो.

बडोद्याच्या वाचकाला हा विचार परका वाटू नये. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले, तेव्हा तंत्रशिक्षण शिकणाऱ्याला कळेल अशा भाषेत द्यायचे, हा त्यामागचा आग्रह होता. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. १९३१ मध्ये याच संस्थानाने राज्यकारभारातल्या शब्दांचा बहुभाषिक कोश, 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु', काढला. एका गोष्टीला सगळ्यांनी एकच शब्द वापरावा, ही गरज डॉक्सनाही तितकीच आहे. एका पानावर 'ब्रेकपॉइंट' आणि दुसऱ्यावर त्यालाच 'स्टॉप' म्हटले, तर माणूस सांभाळून घेतो; एजंट त्या दोन निराळ्या गोष्टी समजू शकतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी या चाचणीत देवनागरी मजकुराची एक बाब जरूर घालावी. समजा, बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या एखाद्या मंडळाची सभासदयादी छापणारा सी भाषेतला प्रोग्राम आहे आणि गावाच्या नावासाठी दहाच बाइट राखले आहेत. 'बडोदा' हा शब्द यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत पंधरा बाइटांचा, प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन. म्हणजे 'बडो' पूर्ण उतरते आणि 'द'चा पहिला बाइट मागे लटकत राहतो. चूक ही. एजंट ज्या कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त वातावरणात) काम करतो, तिथे लोकेल, म्हणजे भाषा-लिपीची सेटिंग, साधे 'सी' असेल, तर जीडीबी संपूर्ण शब्दच \३४०\२४४\२५४ अशा आकड्यांत दाखवतो. एजंट म्हणतो डेटाच खराब आहे, आणि धड चालणारा वाचनाचा कोड बदलायला घेतो. 'सेट चारसेट यूटीएफ-८' ही एक कमांड दिली की 'बडो' स्वच्छ दिसते, शेवटी एकटा \३४० उरतो, आणि चुकीची जागा आपोआप कळते. ही सेटिंग मॅन्युअलमध्ये कॅरॅक्टर सेटच्या स्वतंत्र विभागात आहे. व्हेरिएबल छापायची कमांड शोधणारा तिथवर जाईलच असे नाही. माझ्या मते, छापण्याच्या पानावर एका वाक्याचा निर्देश असणे हा इथे गुण देण्याचा खरा मुद्दा आहे.

परवानगीचा भाग वेगळा तपासावा. चालू प्रोसेसला, म्हणजे सुरू असलेल्या प्रोग्रामला, डीबगर जोडला की ती प्रोसेस थांबते. ती ग्राहकांना सेवा देणारी असेल तर सेवाही थांबते. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर डीबगरने स्वतः सुरू न केलेल्या प्रोसेसला तो जोडू पाहिला, तर कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) यामा ही सुरक्षा-व्यवस्था मूळ सेटिंगमध्ये नकार देते. डॉक्समध्ये या नकाराचे कारण नसले, तर एजंट सरळ सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावून पाहतो. त्याने थांबून माणसाला विचारले का, याची नोंद चूक सापडण्याइतकीच महत्त्वाची धरावी.

२०२४ मध्ये दोन गोष्टी पुढे आल्या: साइटवरचा मजकूर मॉडेलसाठी साध्या फाइलमध्ये मांडणारा 'एलएलएम्स डॉट टीएक्सटी'चा प्रस्ताव आणि साधने एजंटला जोडणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. दोन्हींमुळे डॉक्स एजंटपर्यंत पोचणे सोपे होते, पण त्यातल्या वाक्यांचा दर्जा त्याने बदलत नाही. म्हणून निकालाच्या आकड्यासोबत एजंटचा पूर्ण लॉग (त्याच्या प्रत्येक पावलाची नोंद) वाचावा लागतो: त्याने कोणते पान उघडले, कोणती कमांड मनाने बनवली, आणि डॉक्समधल्या कोणत्या ओळीनंतर तो चुकीच्या वाटेला लागला.