थिबा राजा, हिशेबाची कचेरी आणि इगतपुरी

कामावर निघण्यापूर्वी थोडा वेळ डोळे मिटून श्वासाकडे पाहायचं, ही सवय आज अनेक घरांत रुजली आहे. तिची एक मुळी रत्नागिरीच्या थिबा राजापर्यंत जाते.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला देशाबाहेर काढलं. पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीला आणलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. ब्रह्मदेशात राजा हा बौद्ध संघाचा पालक. पालकच गेल्यावर धर्म सांभाळायचा कुणी? लेडी सयाडो (१८४६-१९२३) या विद्वान भिक्खूंचं उत्तर होतं, साध्या गृहस्थांनी. तोवर ध्यान हा बहुतेक करून मोजक्या भिक्खूंचाच मार्ग होता. सयाडो गावोगाव फिरले, लोकांना कळेल अशा बर्मी भाषेत लिहीत राहिले. त्यांनी शिकवण्याची अनुमती दिलेले सया थेटजी तर शेतकरी होते.

या थेटजींकडे १९३७ मध्ये ऊ बा खिन पोचले. या सगळ्या परंपरेत मला सर्वांत जवळचे वाटतात ते हेच. हिशेब खात्यात कारकुनीपासून चढत गेलेला हा माणूस १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचा महालेखापाल झाला. त्यांनी नोकरी सोडली नाही, संसार सोडला नाही. उलट कचेरीतच ध्यानासाठी जागा केली आणि हाताखालच्या माणसांना शिकवू लागले. फायलींच्या ढिगाऱ्याशेजारी साधना होऊ शकते, हे त्यांनी करून दाखवलं. १९५२ मध्ये त्यांनी रंगूनला केंद्र उभारलं.

तिथे १९५५ मध्ये सत्यनारायण गोयंका आले. जन्म १९२४ चा, तोही थिबाच्या मंडालेतच. अर्धशिशीने हैराण झालेला हा व्यापारी मॉर्फिनची इंजेक्शनं घेत होता. नुसती डोकेदुखी घालवायला येऊ नका, असं सांगून ऊ बा खिन यांनी त्यांना आधी परत पाठवलं होतं. १९६९ मध्ये गोयंका भारतात आले. त्यांचं इथलं पहिलं विपश्यना शिबिर, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहण्याच्या या ध्यानाचं शिबिर, त्याच जुलैत मुंबईत झालं. बसणारे जेमतेम चौदा, त्यांत त्यांचे आईवडीलही. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात शिबिरं होऊ लागली.

‘माइंडफुलनेस’ची, म्हणजे चालू क्षणाकडे सजगपणे पाहण्याच्या सरावाची, वाट थोडी वेगळी. पालीतल्या ‘सति’साठी, म्हणजे आपल्या ‘स्मृती’साठी, हा इंग्रजी शब्द पालीचे अभ्यासक ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये योजला. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी त्याचे वर्ग सुरू केले. त्यांच्या शिकवणीत झेन ही बौद्ध ध्यानपरंपराही आहे आणि विपश्यनाही.

इगतपुरीत पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे फक्त श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना. निघताना सांगतात: घरी रोज सकाळी एक तास बसा, संध्याकाळी एक तास. मधला दिवस कामाचा.