शिकागो ते यलोस्टोन आरव्ही प्रवास

अमेरिकेत मुख्यतः उन्हाळ्याच्या सुट्टीत केला जाणारा लांब पल्ल्याचा रस्तेप्रवास. झोपायच्या जागा, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम आणि पाण्याच्या टाक्या अशी सगळी सोय असलेल्या वाहनाला तिकडे आरव्ही म्हणतात. शिकागोहून आय-९० महामार्गाने विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि साउथ डकोटा ओलांडून वायोमिंगमधल्या कोडी गावाकडून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात शिरायचे, हा यातला रुळलेला मार्ग. एका बाजूचे अंतर सुमारे २,१०० किमी भरते. न्यू जर्सीहून निघणाऱ्यांना शिकागोपर्यंतचे आणखी साडेबाराशे किमी पडतात. कारने शिकागोपासूनचे अंतर तीन दिवसांत काटणारे लोक आहेत. आरव्हीने पाच-सहा दिवस धरलेले बरे.

या प्रवासाची आखणी उलटी होते. आधी उद्यानातल्या मुक्कामाची तारीख हाती यावी लागते, मग तिथून मागे मोजत निघण्याचा दिवस ठरतो. आणि मुक्कामाची जागा मिळणे-न मिळणे बरेचसे एका आकड्यावर, म्हणजे वाहनाच्या लांबीवर अवलंबून असते. जास्त माणसे मावतील म्हणून मोठी गाडी आधी घेऊन ठेवायची आणि नंतर कॅम्पग्राउंड शोधायचे, हा क्रम महागात पडतो.

पार्श्वभूमी

यलोस्टोनला १ मार्च १८७२ रोजी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. या प्रकारचे ते जगातले पहिले उद्यान मानले जाते. क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौ. किमी, बहुतेक सगळे वायोमिंगमध्ये, कडेचा थोडा भाग माँटॅना आणि आयडाहोत. सुरुवातीला पर्यटक रेल्वेने उद्यानाच्या सीमेपर्यंत येत आणि पुढे घोडागाड्यांतून फिरत. ऑगस्ट १९१५ मध्ये मोटारींना प्रवेश मिळाला आणि दोनच वर्षांत घोडागाड्यांची जागा बसगाड्यांनी घेतली. मोटारीत बिछाना टाकून भटकणाऱ्यांची ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना १९१९ मध्ये फ्लॉरिडातल्या टँपात सुरू झाली. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला घेतले, १९६६ मध्ये आयोवातल्या विनबेगो कंपनीने मोटरहोम बाजारात आणली आणि हा छंद मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. केओए ही खासगी कॅम्पग्राउंडची साखळीसुद्धा याच वाटेवरची. सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या गाड्यांची गर्दी पाहून १९६२ मध्ये माँटॅनातल्या बिलिंग्ज इथे, यलोस्टोन नदीच्या काठी, तिचा पहिला तळ पडला. न्यू जर्सीहून येताना वाटेत इंडियानातले एल्कहार्ट लागते. अमेरिकेतल्या आरव्ही उत्पादनाचे ते केंद्र; तिथे या वाहनांचे संग्रहालयही आहे.

वाहनाची निवड

मोटरहोमचे तीन वर्ग आहेत. बसच्या आकाराची ती क्लास ए, व्हॅनमध्येच सगळे बसवलेली ती क्लास बी आणि ट्रकच्या सांगाड्यावर खोली चढवलेली, केबिनवर पलंग असलेली ती क्लास सी. भाड्याने बहुतेक क्लास सी मिळते, लांबी २५ ते ३० फूट. साध्या कारच्या लायसन्सवर ती बहुतेक राज्यांत चालवता येते. आजी-आजोबा आणि दोन मुले असलेल्या कुटुंबाला २५ फूट पुरतात. दाटीवाटी होते, पण ३० फुटांच्या पुढे गेले की उद्यानातले पर्याय भराभर कमी होतात. दुसरी बाजू इंधनाची. क्लास सी लिटरमागे साडेतीन-चार किलोमीटर चालते. जाऊन-येऊन आणि आतले फिरणे धरून ५,००० किमी झाले, तर तेराशे लिटरच्या आसपास, म्हणजे साडेतीनशे गॅलन पेट्रोल लागणार. भाड्याच्या जाहिरातीत दिसतो तो बहुधा नुसता रात्रीचा दर असतो. मैलांमागचे पैसे, जनरेटरचे तासाचे पैसे, विमा आणि भांडी-पांघरुणांचे किट हे सगळे त्यावर चढते.

मुक्कामाची जागा

उद्यानात बारा कॅम्पग्राउंड आहेत. त्यांतल्या एकाच ठिकाणी, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये, वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या मिळतात. यालाच फुल हुकअप म्हणतात. हा परिसर अस्वलांचा असल्यामुळे तिथे टणक भिंतींच्या वाहनांनाच राहू देतात. तंबू तर नाहीच, कापडी बाजूंचा ट्रेलरही चालत नाही. मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट आणि ब्रिज बे इथे मोठ्या गाड्यांना जागा आहे, पण वीज नाही. जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच लावता येतो. ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध गायझरजवळ, म्हणजे उकळत्या पाण्याच्या नैसर्गिक कारंज्याजवळ, कॅम्पग्राउंडच नाही. सर्वांत जवळचे मॅडिसन, २६ किमीवर. रस्त्याकडेला किंवा पार्किंगमध्ये गाडी लावून रात्र काढायला सक्त मनाई आहे आणि रेंजर मध्यरात्रीसुद्धा दार ठोठावतात.

फिशिंग ब्रिज धरून हे पाचही तळ खासगी कंत्राटदार चालवतो आणि त्यांचे बुकिंग साधारण वर्षभर आधी उघडते. जुलै-ऑगस्टच्या चांगल्या जागा लवकर उडतात. उरलेले तळ राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहेत, पण ते बहुतांशी लहान गाड्यांसाठी. आत जागा मिळाली नाही तर वेस्ट यलोस्टोन, गार्डिनर किंवा कोडी या वेशीवरच्या गावांत खासगी आरव्ही पार्क मिळतात. कोडीपासून पूर्व दरवाजा मात्र ८४ किमी दूर आहे. रोज तेवढे जाऊन परत यायचे म्हटले तर अर्धा दिवस गाडीतच जातो, त्यामुळे आतली बिनविजेची जागा बाहेरच्या फुल हुकअपपेक्षा केव्हाही सरस.

प्रवेश-शुल्क खासगी वाहनाला सात दिवसांचे ३५ डॉलर, सर्व राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेच्या रहिवाशांना ८० डॉलर. मात्र २०२६ पासून यलोस्टोनसह अकरा उद्यानांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांना माणशी १०० डॉलर जादा पडतात; सोळा वर्षांखालच्यांना सूट आहे. भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

वाटेवर

पहिला मुक्काम मिसिसिपीच्या काठी ला क्रॉसला, दुसरा सू फॉल्सला, तिसरा बॅडलँड्समध्ये, अशी सोयीची विभागणी पडते. रोजचे साडेचारशे ते पावणेपाचशे किमी. साउथ डकोटात वेगमर्यादा ताशी ८० मैल असली तरी आरव्ही त्या वेगाने हाकू नये. उभट बाजूंवर आडवा वारा आदळला की गाडी लेनमध्ये ठरत नाही. मिचेलला कॉर्न पॅलेस लागतो. मक्याच्या रंगीत कणसांनी मढवलेल्या या सभागृहाच्या भिंतींवरची चित्रे दरवर्षी नव्याने करतात. चेंबरलेनला महामार्ग मिझुरी नदी ओलांडतो. तिथल्या विश्रांतिस्थळावर लकोटा-डकोटा या मूळनिवासी लोकांच्या संस्कृतीच्या सन्मानार्थ उभारलेला ‘डिग्निटी’ हा स्त्रीचा १५ मीटर उंच पोलादी पुतळा आहे. मर्डोच्या पुढे घड्याळ एक तास मागे जाते. मुक्कामाला उजेडात पोहोचायचे असेल तर हा तास उपयोगी पडतो, येताना मात्र तोच हातचा जातो.

बॅडलँड्ससाठी १३१ क्रमांकाच्या एक्झिटला उतरून २४० क्रमांकाच्या रस्त्याने वॉलला, म्हणजे ११० क्रमांकाच्या एक्झिटला वर यायचे. गाडी मोठी असली तरी या रस्त्यावर अडचण नाही. झिजून पट्टेपट्टे पडलेल्या मातीच्या कड्यांचे रंग संध्याकाळी खुलतात, दुपारी अगदीच फिके वाटतात. वॉलमधले वॉल ड्रग हे दुकान १९३१ चे. फुकट बर्फाच्या पाण्याच्या पाट्या लावून त्याने वाटसरू खेचले. त्या पाट्या आजही शेकडो किमी आधीपासून दिसू लागतात.

पुढे ब्लॅक हिल्समध्ये चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला माउंट रशमोर पाहून बरेच जण कस्टर स्टेट पार्ककडे वळतात, आणि आरव्हीची खरी कसोटी इथे लागते. नीडल्स हायवेवरचा एक बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे. क्लास सी आरशांसकट त्याहून रुंद. अशा वेळी आरव्ही तळावर ठेवून दिवसापुरती लहान कार घ्यावी. ऑगस्टच्या सुरुवातीला जवळच्या स्टर्जिसला मोटरसायकलवाल्यांचा मोठा मेळा भरतो. त्या दिवसांत आसपासचे तळ भरलेले असतात आणि दर चढलेले. तारखा ठरवताना एवढे एक पाहून ठेवावे.

बिगहॉर्न डोंगर

डकोटापासून बफेलो गावापर्यंतचा रस्ता सोपा. तिथून कोडीला जायला बिगहॉर्न पर्वतरांग ओलांडावी लागते आणि नकाशावर तीन रस्ते दिसतात. सगळ्यांत उत्तरेचा यूएस १४ए हा दिसायला देखणा, पण त्याचा उतार दहा टक्क्यांपर्यंत जातो. जड गाडीने तो टाळावा. यूएस १४ मधला. बफेलोहून थेट निघणारा यूएस १६ हा तिघांत सौम्य, तरी पावडर रिव्हर खिंडीत तो २,९४६ मीटरवर चढतो आणि टेन स्लीप दरीत बराच वेळ उतरत राहतो. उतारावर गिअर खाली घेऊन इंजिनाने वेग धरायचा. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ते तापून निकामी होतात. ताम्हिणी-वरंधा घाटांत गाडी चालवलेल्यांना वळणांचे काही वाटणार नाही. इथे वळणे मोकळी आहेत, पण उतार संपता संपत नाही आणि पाठीमागे पाच टनांहून जास्त वजन असते. मोबाइलवरचा नकाशा जवळचा म्हणून १४ए सुचवू शकतो. त्याला वाहनाची लांबी-वजन ठाऊक नसते.

टाक्या, वीज आणि स्वयंपाक

वाहनात तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, मोरी-बेसिनच्या सांडपाण्याची ग्रे टँक आणि संडासाची ब्लॅक टँक. फुल हुकअप मिळाले की ब्लॅक टँकची झडप उघडीच ठेवावी असे नवख्याला वाटते. तसे केले की द्रव वाहून जातो, घन भाग तळाशी साचून वाळतो आणि पुढे कशानेच निघत नाही. झडप बंद ठेवून टाकी बरीचशी भरू द्यायची, मग आधी ब्लॅक सोडायची आणि पाठोपाठ ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे घालायचे, आणि पिण्याच्या पाण्याची नळी या नळीजवळही ठेवायची नाही.

३० अ‍ॅम्पिअरच्या जोडणीवर सुमारे ३,६०० वॉट मिळतात. छतावरचा एसी पंधराशेच्या आसपास घेतो, मायक्रोवेव्ह जवळपास तेवढेच. त्यात हजार वॉटचा इलेक्ट्रिक कुकर लावला की ब्रेकर पडतो. म्हणून मराठी कुटुंबांनी घरचा शिट्टीचा कुकर बरोबर घ्यावा आणि प्रोपेनच्या शेगडीवर लावावा. त्याला आणखी एक कारण आहे. यलोस्टोन सरोवर २,३५७ मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ९२ अंश सेल्सिअसला उकळते आणि उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. फोडणी देताना छतावरचा पंखा चालू आणि खिडकी उघडी हवी, नाहीतर धुराचा अलार्म वाजलाच म्हणून समजा. खाल्ल्यावर मात्र काहीही बाहेर ठेवायचे नाही. रिकामे पातेले, खाणे थंड ठेवायची पेटी, कचऱ्याची पिशवी, सगळे गाडीत किंवा अस्वलांना न उघडणाऱ्या लोखंडी पेटीत.

उद्यानात

ग्रँड लूप हा आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकाराचा, २२९ किमीचा. वेगमर्यादा ताशी ४५ मैल, पण अमेरिकी गव्यांचा, म्हणजे बायसनचा, कळप रस्त्यावर आला की ती आपसूक शून्यावर येते. गव्यापासून निदान २३ मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून ९१ मीटर अंतर राखायचा नियम आहे. गवा सुस्त वाटतो, धावतो मात्र माणसाच्या तिप्पट वेगाने. फायरहोल कॅन्यन आणि ब्लॅकटेल प्लॅटो या फाट्यांवर आरव्ही नेता येत नाही. मिडवे गायझर बेसिनचे पार्किंग उन्हाळ्यात सकाळी उशिरापासूनच भरते. २०२१ मध्ये उद्यानाला ४८ लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या, यावरून गर्दीचा अंदाज यावा. मोठी गाडी असेल तर अशी ठिकाणे सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर करावीत. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, तेव्हा नकाशे आणि बुकिंगची पत्रे आधीच उतरवून घ्यावीत.

बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत साध्या वाहनांना बंद असतात; पूर्व दरवाजाची सिल्व्हन खिंड तर मे महिन्यातच उघडते. जून २०२२ च्या पुरात उत्तर दरवाजाचा रस्ता वाहून गेला आणि ऐन हंगामात उद्यान रिकामे करावे लागले होते. त्यामुळे रद्द करण्याच्या अटी पाहूनच भाडे भरावे.

परतीला पुष्कळ जण दक्षिण दरवाजाने ग्रँड टीटन उद्यान पाहून टोग्वोटी खिंडीमार्गे रॉलिन्सला येतात आणि आय-८० धरतात. हा रस्ता सरळ आहे, पण लॅरामी-शायेन भागात वाऱ्याचा जोर असतो. जोर वाढला की हलक्या, उंच वाहनांना रस्ता बंद केल्याची सूचना विजेच्या फलकांवर झळकते. तसा फलक दिसला की पहिल्या एक्झिटला उतरून ट्रक स्टॉपवर थांबावे; वारा बहुधा रात्री उतरतो.