नंबर ब्लॉक केला म्हणजे डीएनडी झालं असं नव्हे

'कर्ज हवंय का?' विचारणारा नंबर आपण तावातावाने ब्लॉक करतो. तासाभरात पुन्हा तेच कर्ज, तोच लाघवी आवाज, फक्त नंबर वेगळा. ब्लॉक हा तुमच्या हँडसेटपुरता मामला. पलीकडच्याकडे सिमकार्डांची चळत असते आणि तुमच्याकडे लांबत जाणारी ब्लॉक-यादी.

डीएनडी ('डू नॉट डिस्टर्ब', म्हणजे जाहिरातीचे कॉल नकोत अशी नोंद) त्याच्या आधीच्या पायरीवर काम करतं. 1909 वर फोन किंवा एसएमएस करून नोंद केली की तुमचा नकार मोबाइल कंपनीकडे जातो आणि नोंदणीकृत टेलिमार्केटरचा कॉल तिथेच अडायला हवा. सरसकट सगळं बंद करायलाच हवं असंही नाही. बँकिंग-विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे विभाग निवडून बंद करता येतात. ओटीपी यायचे थांबतील ही भीती मात्र सोडा, ते येतच राहतात.

मग डीएनडी असूनही फोन का येतात? कधी ती आपलीच करणी असते. एखादा फॉर्म भरताना न वाचता टिक केलेली संमती डीएनडीच्या वरचढ ठरते. ती वेगळी मागे घ्यावी लागते. पण खरी डोकेदुखी चोरट्या विक्रेत्यांची. नियमाने जाहिरातीचे कॉल 140 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यायला हवेत. हे लोक साध्या दहा आकडी नंबरावरून फोन करतात आणि डीएनडीच्या यादीकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

इथे ब्लॉकही अपुरा आणि डीएनडीही. उपयोगी पडते ती तक्रार, आणि आपण नेमका तिचाच कंटाळा करतो. 1909 वर किंवा ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) डीएनडी अ‍ॅपवर नंबर, तारीख आणि कॉल कशाचा होता ते कळवायचं. नियमांतल्या फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी तीनऐवजी सात दिवस मिळतात, आणि अशा बिननोंदणीच्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करायला स्वतःचं डीएनडी असण्याचीही गरज नाही. त्याच्यावर कारवाई सुरू व्हायला पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. आता दहा दिवसांत पाच पुरतात. तेव्हा आधी तक्रार, मग हवं तर खुशाल ब्लॉक.

फक्त 1600 ने सुरू होणारा नंबर रागाच्या भरात ब्लॉक करू नका. ही मालिका बँका, विमा कंपन्या वगैरेंच्या सेवाविषयक कॉलसाठी राखलेली आहे.